उरलेल्या अणूंचा खड्डा

धाकट्या भावाच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा मोर्णा नदीच्या काठावर उभं राहून मी एका पक्ष्याला पदार्थविज्ञानातलं वचन दिलं. कॉलेजात ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. अमरावतीला मी फिजिक्स शिकवतो आणि दरवर्षी पहिल्याच तासाला पोरांना बजावतो, की जे दाखवता येत नाही ते माझ्यासमोर बोलायचं नाही. पोरं माना डोलावतात आणि विचारतात, "सर, हे किती मार्काले येते?"

त्या दिवशी अकोल्याला ऊन कडक होतं. पिंड मांडून झाले होते. कावळे समोरच्या बाभळीवर बसून आमच्याकडे बघत होते, पण खाली एकही उतरेना. मग आमच्याकडे होतं तेच सुरू झालं. जो तो आठवून आठवून भावाच्या राहिलेल्या इच्छा सांगू लागला. लग्न राहिलं, म्हणून काका म्हणाले. नवी मोटरसायकल घ्यायची होती, म्हणून आणखी कुणी म्हणालं. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. आई हट्टानं काठापर्यंत आली होती.

"त्याचं तिथलं काम राह्यलं," ती म्हणाली. "जीव अडकला त्याचा त्या मशीनमंदी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्या मशीनबद्दल काही कळणारा तिथं मी एकटाच होतो. मला राग आला होता. डेंग्यूनं आठवड्याभरात नेलेल्या तिशीतल्या पोराच्या मागं आम्ही पक्ष्यांची मनधरणी करत होतो. मी पुढं झालो आणि पुटपुटलो, "तुझ्या खड्ड्याचं कारण मी शोधून काढतो. बस झालं?"

कावळा उतरला. त्याला भूक लागली होती, असं मी अजूनही म्हणतो. पण भूक लागायला त्यानं नेमका तोच क्षण धरला. घरी येताना आई रिक्षात माझा हात धरून बसली होती.

खड्डा म्हणजे काय, ते सांगायला हवं.

भाऊ दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात, एका प्रयोगशाळेत संशोधन करत होता. तिथं हवा काढून घेतलेल्या काचेच्या डबीत रुबिडियम धातूचे अणू लेझरच्या उजेडानं अडवून ठेवतात आणि इतके थंड करतात, की ते जवळजवळ जागच्या जागी थबकतात. असे गारठलेले अणू एकमेकांवर कसे आदळतात, हे बाहेरून चुंबकानं बदलता येतं. तारेच्या वेटोळ्यातली वीज थोडी थोडी वाढवत जायची. बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण चुंबकाच्या एखाद्या ठरावीक जोराला दोन अणू एकमेकांत असे गुंततात, की जवळ तिसरा असला तर दोघांची जोडी जमून जाते आणि जमताना सुटलेल्या ऊर्जेनं तिघेही सापळ्याबाहेर फेकले जातात. ह्याला टकरीतला अनुनाद म्हणतात, रेझोनन्स. तो होताना डोळ्यांना दिसत नाही. नंतर मोजायला जावं तर अणू कमी भरतात. आलेखाची रेघ सरळ चालता चालता एका जागी खाली जाते आणि पुन्हा वर येते. भाऊ त्याला खड्डा म्हणायचा.

आई बार्शीटाकळीच्या शाळेत मास्तरीण होती. जन्मभर जीपनं ये-जा केलेली बाई. भावानं एका दिवाळीला तिला हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तुमी हजेरी घेता म्हण ना."

"हाव. पण आमाले गैरहजर पोट्ट्यायचंच कौतुक," तो म्हणाला होता.

माझं काम ह्याच्या उलट बाजूचं. मी अणू कधी पाहिले नाहीत. दोन अणूंमधलं आकर्षण गणितात मांडायचं, चुंबकाचा जोर त्यात घालायचा आणि खड्डे कुठं कुठं पडायला हवेत ते कॉम्प्युटरवर काढायचं. आमच्या दोघांचा तो खेळच होता. मी जागा सांगायचो, तो तिथं जाऊन बघायचा. बहुतेक वेळा जुळायचं. नाही जुळलं तर फोनवर भांडण.

आजारी पडायच्या थोडे दिवस आधी त्याचा फोन आला. "भाऊ, एक खड्डा सापडला. तुया यादीत नाई थो. उथळ हाय, कितीबी वेळ थांबलं तरी खोल होत नाई. पण हाय. रोज हाय. काहून हाय, पाह्य बरं." मी म्हटलं, तुझी वायरिंग ढिली असेल. तो हसला. मग ताप आला, आणि मग आम्हीच तिकडे गेलो.

वचन दिलं तेव्हा वाटलं होतं, महिन्याभराचं काम आहे. वर्ष उलटून गेलं. अमरावतीच्या माझ्या खोलीत दुपारभर कूलर घोंघावायचा, त्याच्या पाण्याचा वास भिंतीत मुरला होता. लाइट गेली की कूलर आणि कॉम्प्युटर एकदमच बंद पडायचे, आणि त्या अचानक शांततेत मला खुर्चीमागं कुणी उभं असल्यासारखं वाटायचं. मी वळून बघायचो नाही. बघितलं तर तो जाईल, असं वाटायचं. भुताखेतांवर विश्वास नसलेल्या माणसानं असं वागू नये हे मला कळत होतं, आणि तरी मी वळत नव्हतो.

हळूहळू मी त्याच्याशी बोलू लागलो. "हे नाही जमलं. आता आकर्षण जरासं वाढवून बघतो." तो काहीतरी खोचक म्हणायचा. काय म्हणेल हे मला इतकं पाठ होतं, की ते ऐकू येतं की आठवतं, ह्यातला फरक राहिला नव्हता. बायको दारातून विचारायची, "फोनवर कोण आहे?" मी म्हणायचो, कुणी नाही. एक दिवस तिनं विचारणं सोडून दिलं आणि चहाचा कप ठेवताना आवाज न करता ठेवू लागली. ते मला जास्त लागलं.

गणितात एक सोय असते. आकर्षणाचा आकडा इकडेतिकडे सरकवला, की हव्या त्या जागी खड्डा पाडता येतो. मी पाडून बघितलाही. पण एक जागेवर आणला की बाकीचे सगळे, जे नीट जुळलेले होते, ते हलायचे. आखूड पांघरुणासारखं, डोकं झाकलं की पाय उघडे. असं खोटं जुळवलेलं त्याच्या गळ्यात बांधायची माझी छाती नव्हती. कावळ्याला चाललं असतं, त्याला चाललं नसतं.

दर रविवारी आईचा फोन यायचा. इकडचं तिकडचं झालं, की ती विचारायची, "सापडलं काय?"

"नाही."

"बरं."

त्या "बरं"मध्ये मला तिची निराशा ऐकू यायची. फोन ठेवला की मी पुन्हा कॉम्प्युटरपुढं बसायचो. माझं सोडा, पण म्हातारीच्या मनात तरी तो मशीनमधून सुटला पाहिजे, असं वाटायचं. त्याच्यासाठी आता करण्यासारखं एवढंच उरलं होतं.

वर्षश्राद्ध झालं. पुढची आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे आखाजीला पितर जेवू घालतात. जो गेला त्याच्या वयाचा, त्याच्यासारखा कुणी बोलावतात, त्याचे पाय धुतात, कुंकू लावतात, आणि तो जेवत असेल तेवढा वेळ तो तो नसतो, गेलेला माणूस असतो. भाऊ बिनलग्नाचा, म्हणून पितरही बिनलग्नाचाच हवा होता. आमच्या गल्लीतली त्या वयाची पोरं एक तर पुण्याला, नाही तर लग्न झालेली. तेवढ्यात भावाच्या प्रयोगशाळेतल्या जोडीदाराचा फोन आला. हा ओडिशाचा मुलगा, भावाच्याच वयाचा, बिनलग्नाचा. भावाची जागा आता त्याच्याकडे होती. भावाची काही पुस्तकं आणि एक स्वेटर त्याच्याकडे राहिलं होतं, ते आणून द्यायचं म्हणत होता. आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "आखाजी को आओ. जेवण को."

तो आला. स्टेशनवरून येताना मी त्याला सगळं समजावलं. जेवताना तू तो असशील, म्हटलं. नको वाटत असेल तर सांग, आई समजून घेईल. त्यानं मांडीवरची स्वेटरची पिशवी जरा सरळ केली. मग म्हणाला, "भैया, मैं वैसे भी उसी की कुर्सी पर बैठता हूँ."

मग त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. त्यांचे प्रोफेसर त्या खड्ड्याला कंटाळले होते. शोधनिबंध छापायला पाठवायचा होता, कारण सापडत नाही, तर तो खड्डा आलेखातून काढून टाकायचा असं ठरत होतं. मोजमापातली चूक, म्हणून. आईला हे सांगू नकोस, एवढंच मी म्हणालो.

आईनं पुरणपोळी, चिंचवणी, कुरडया, आंब्याचा रस, सगळं भावाच्या आवडीचं केलं होतं. ओसरीवर रंगवलेल्या मातीच्या केळीत, म्हणजे छोट्या घड्यात, वाळ्याचं पाणी भरून वर आंबा ठेवलेला. पाटावर तो ओडिशाचा मुलगा मांडी घालून बसला. पळसाच्या पत्रावळीत काय कुठं वाढतात हे त्याला माहीत नव्हतं, तो हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिला. भाऊही असाच बसायचा, सगळं वाढून होईपर्यंत. मी भिंतीला टेकलो. माझ्या अंगावर काटा आला, ते कशाला लपवू.

पितराशी जेवताना फारसं बोलत नाहीत. आई मात्र तूप वाढता वाढता वाकली आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "बाबू, काम झालं काय रे तुयं तिथलं?"

त्याला मराठी येत नव्हती, पण 'काम' कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. मला भीती वाटत होती, की हा भला मुलगा म्हातारीला बरं वाटावं म्हणून हो म्हणेल, आणि मग खोटंच का होईना, पण सगळं संपेल. आणि हो म्हणावं असंही मला वाटत होतं.

"थोड़ा बाकी है, माँ," तो म्हणाला.

आई हसली. भावाच्या जाण्यानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिनं आणखी एक पोळी त्याच्या पत्रावळीत टाकली, वर तूप ओतलं, आणि "सावकाश होऊ दे" म्हणाली. जेवायला म्हणाली की कामाला, ते मी त्या वेळी विचारात घेतलं नाही. मला तो टोमणा वाटला. एवढा शिकलेला मोठा मुलगा, आणि धाकट्याचं काम अजून बाकीच.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं अंगणात निंबाखाली बसलो. मी चिडूनच होतो. म्हटलं, तुमचे प्रोफेसर चूक म्हणतात, तर चूक कुठं आहे तेही सांगा म्हणावं. तो कुंकवाचा टिळा पुसावा की नाही ह्या विचारात असल्यासारखा कपाळाला हात लावत होता.

"भैया, एक बात है," तो म्हणाला. "मेरे हाथ से वो आता ही नहीं।"

म्हणजे? म्हणजे त्यानं स्वतः प्रयोग लावला तर खड्डा दिसत नाही. रेघ सरळ जाते. भावानं लिहून ठेवलेली आज्ञावली, प्रयोगात कशानंतर काय चालू-बंद करायचं ती, जशीच्या तशी चालवली, तर खड्डा त्याच जागी हजर. यंत्र तेच, अणू तेच. प्रयोगशाळेतल्या इतर पोरांनी ती आज्ञावली चालवणं सोडून दिलं होतं. उघड कुणी बोलत नव्हतं, पण एकटं असताना ती कुणी उघडत नसे.

निंबाखाली भर दुपारी मला गार वाटलं. मग माझ्यातला चिडका मास्तर जागा झाला. दोन आज्ञावल्या आहेत आणि उत्तरं वेगळी येतात, तर त्यांच्यात फरक असणारच. काय काय वेगळं आहे, एकेक सांग, म्हटलं.

तो आठवून सांगू लागला. बरंचसं बिनमहत्त्वाचं होतं. मग तो म्हणाला, सफाईची वेळ वेगळी आहे. थंड केल्यावर सगळे अणू एकाच अवस्थेत आणतात. काही थोडे मागं राहतात, दुसऱ्याच अवस्थेत. त्यांना उजेडाचा एक झोत मारून सापळ्याबाहेर काढतात. भाऊ तो झोत अगदी थोडा वेळ मारायचा. जास्त मारला तर बाकीचे अणू तापतात, म्हणायचा. हा मुलगा मात्र नीटनेटका, एकही मागं राहू नये म्हणून झोत लांबवत होता.

"म्हणजे त्याच्या वेळी काही उरत होते," मी म्हटलं.

"थोड़े बहुत। गिनती में भी नहीं आते।"

दीड वर्ष मी सगळे अणू एकसारखे धरून गणित करत होतो. प्रयोगशाळेत सफाई झालेली असते, असं आम्ही कागदावर काम करणारे गृहीत धरतो. कधी हात मळवलेले नसतात ना. दोन सारखे अणू आदळले तर काय होईल, एवढंच मी तपासत बसलो होतो. एक सारखा आणि एक उरलेला आदळला तर काय, हे मी विचारलंच नव्हतं. उथळ का, तेही तिथंच कळलं. मागं राहिलेले मुळात थोडे. ते आपल्याबरोबर दुसऱ्यांना घेऊन जायचे, आणि ते संपले की खड्डा खोल होणं थांबायचं.

संध्याकाळच्या गाडीत त्याला बसवून दिलं आणि मी अमरावतीची बस पकडली. मूर्तिजापूरपर्यंत उभाच होतो, बसायची जागा झाली तरी लक्षात आलं नाही.

गणित नव्यानं मांडायला उन्हाळ्याची सुट्टी गेली. आकर्षणाचा एकही आकडा मी हलवला नाही. फक्त जोडी बदलली. एका दुपारी उत्तर आलं आणि खड्डा भावानं सांगितलेल्या जागी होता. जिथं सांगितला तिथंच. कूलर चालू होता, लाइट होती. मी ओडिशाच्या मुलाला फोन केला. चार दिवसांनी त्याचा निरोप आला. त्यानं मुद्दाम सफाई कमी केली तर खड्डा खोल होत गेला, पूर्ण केली तर नाहीसा झाला. प्रोफेसरांनी तो आलेखात ठेवायचं ठरवलं. भावाचं नाव निबंधावर पहिलं असणार होतं.

त्या दिवशी लाइट गेली तेव्हा मी पहिल्यांदा वळून मागं पाहिलं. खुर्चीमागं कपाट होतं. माझी समजूत झाली, की ह्यालाच समाधान म्हणतात.

मी अकोल्याला गेलो. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. आई ओसरीवर लोणच्याच्या कैऱ्या पुसत बसली होती. मी तिच्याजवळ बसलो, फडकं घेतलं आणि पुसता पुसता तिला सगळं सांगितलं. मागं राहिलेले अणू, झोत, खड्डा. तिनं मधे मधे प्रश्न विचारले, चांगले विचारले. शाळेत तिचा दरारा का होता ते मला कळलं.

"म्हंजे त्याले जे दिसलं, थे खरं होतं."

"खरं होतं. आता छापून येईल. पहिलं नाव त्याचं."

"आन् त्याचं तिथलं काम?"

"झालं," मी म्हणालो. मला अभिमान वाटत होता. कावळ्याला दिलेला शब्द मी पाळला होता. "सगळं झालं, आई. काहीच बाकी नाही."

तिनं हातातली कैरी बाकीच्यांत ठेवली. मग तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पदरानं पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मला वाटलं, सुटल्याचे असतील. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"त्या दिशी जेवता जेवता थो म्हणे, थोडं बाकी हाय," ती म्हणाली. "मले लय बरं वाटलं होतं. म्हटलं, हाय तर मंग अजून. सकाळी उठून जात असन कामाले. तुले दर रविवारी इचारो, तू नाई म्हणे, की माया आठवडा निंघे."

मी फडकं हातात धरून बसलो होतो.

"मंग आता थो तिथंबी नाई," आई म्हणाली.